ओलेसुंद : राखेंतून उठलेलें बंदर

नॉर्वे म्हटलें म्हणजे खाड्या, बर्फ आणि मासळी, एवढेंच बहुधा विद्यार्थ्यांच्या ध्यानांत राहतें. त्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओलेसुंद नामक बंदराची हकीकत आज आम्ही देत आहों. कारण तींत आपणां सर्वांस घेण्याजोगा एक बोध आहे.

हें नगर समुद्रांतील बेटांवर वसलें आहे. १८४८ सालीं त्यास नगराचा दर्जा मिळाला. कॉड मासा खारवून, सुकवून परदेशीं धाडणें हा तेथील मोठा व्यापार. घरें मात्र लांकडाचीं आणि एकमेकांस खेटून बांधलेलीं होतीं.

१९०४ च्या जानेवारीच्या २३ तारखेस, पहांटेपूर्वीं, मासळी डब्यांत भरण्याच्या एका कारखान्यांत आग लागली. वारा सोसाट्याचा होता. सुमारें ८५० घरें भस्मसात् झालीं आणि ऐन हिवाळ्यांत सुमारें १०,००० माणसें उघड्यावर पडलीं. आश्चर्य हें कीं, प्राणहानि एकाच वृद्ध स्त्रीची झाली.

जर्मनीचा बादशहा दुसरा विल्हेल्म यास हा किनारा फार प्रिय. त्यानें अन्न, औषधें व इतर साहित्य भरून जहाजें पाठविलीं. त्याचें नांव तेथील एका रस्त्यास आहे, आणि नवें नगर त्यानेंच बांधलें असा कित्येकांचा समज असतो. परंतु तो खरा नव्हे.

१८९९ सालीं राजधानींत, म्हणजे आजच्या ओस्लो शहरांत, बांधकामाचा धंदा बुडाल्यामुळें अनेक गवंडी व शिल्पज्ञ बेकार होते. ते इकडे धांवले. सुमारें ५० शिल्पज्ञांनीं हें काम केलें. त्यांपैकीं बहुतेक नॉर्वेचेच असून कित्येक जर्मनींत शिकलेले होते. ‘युगेंडस्टिल’ म्हणजे ‘तरुण शैली’ तेव्हां तेथें नवी होती. आतां लांकडास बंदी झाली; दगडविटांचीं घरें उठूं लागलीं. मनोरे, वळणदार कमानी, भिंतींवर कोरलेलीं फुलें आणि नॉर्वेच्या प्राचीन कलेंतील आकृति यांनीं तीं नटलीं. १९०७ पर्यंत बहुतेक नगर उभें राहिलें. एकाच पिढीनें बांधल्यामुळें त्यास एकजिनसी शोभा आली. त्या वर्षींचें ‘हंस औषधालय’ २००३ पासून याच शैलीचें संग्रहालय झालें आहे. अक्सला टेकडीच्या ४१८ पायऱ्या चढून गेल्यास हें सारें एका दृष्टिक्षेपांत दिसतें.

संकटांत अन्नवस्त्र देणाऱ्याचे उपकार थोरच. परंतु नगर उभारलें तें ज्यांनीं आपली विद्या आधींच हस्तगत केली होती त्यांनीं. आग लागल्यावर गवंडीकाम शिकतां येत नाहीं. विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.