गोठ्यातली शाळा



मुलाला बालवर्गात घालायची वेळ आली की घराघरात एकच चर्चा सुरू होते. इमारत केवढी आहे? बस येते का? संगणक किती आहेत? मग दोन-चार खोल्यांची छोटी ख्रिस्ती शाळा मागे पडते. 'एवढ्याशा शाळेत काय शिकणार?' असे आपण सहज बोलून जातो. आज अशाच एका एवढ्याशा शाळेची ओळख करून घेऊ या.

संत मार्गरेट बुर्जवा यांचा जन्म १६२० साली फ्रान्समधील त्र्वा शहरात झाला. कॅनडात माँट्रियल येथे तेव्हा व्हिल-मारी, म्हणजे 'मारियेचे गाव', नावाची लहानशी ख्रिस्ती वसाहत नुकतीच उभी राहत होती. तेथील मुलांसाठी शिक्षिका हवी होती. मार्गरेट तयार झाल्या आणि १६५३ च्या नोव्हेंबरात तेथे पोहोचल्या.

पण तेथे शिकवायला मुलेच नव्हती! थंडी, हालअपेष्टा आणि आजार यांमुळे वसाहतीत जन्मलेली बाळे दगावत असत. मार्गरेट माघारी गेल्या नाहीत. त्यांनी लोकांचे कपडे शिवले, आजाऱ्यांची सेवा केली, नव्याने आलेल्या कुटुंबांना धीर दिला. अशी चार-साडेचार वर्षे गेली.

अखेर १६५८ साली वसाहतीचे प्रमुख मेझोनव यांनी त्यांना एक रिकामा दगडी गोठा दिला. मार्गरेटबाईंनी तो झाडून-पुसून स्वच्छ केला आणि ३० एप्रिल १६५८ रोजी तेथे शाळा भरली. माळ्यावर राहायचे, खाली शिकवायचे. पहिले विद्यार्थी अगदी लहान होते, मुलगे आणि मुली एकत्रच. वाचन, लेखन, हस्तकाम आणि धर्मशिक्षण हाच अभ्यासक्रम. फी नव्हती. पुढे फ्रान्सहून सहकारी भगिनी आल्या. त्या दिवसा शिकवीत आणि शिवणकाम करून स्वतःचा खर्च चालवीत. त्यांतूनच नोत्र-दाम हा शिक्षिका भगिनींचा संघ उभा राहिला. १६९८ साली त्याच्या नियमांना मान्यता मिळाली. १२ जानेवारी १७०० रोजी मार्गरेट देवाघरी गेल्या. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८२ साली त्यांना संतपद बहाल केले.

या शाळेपासून आपण काय शिकावे?

पहिले, शाळेची किंमत भिंतींवरून ठरत नाही. आपला तारणारा गोठ्यातच जन्माला आला. लहान शाळेत प्रत्येक मूल बाईंना नावाने आणि घरच्या अडचणींसह ठाऊक असते. हेही मोठेच धन आहे.

दुसरे, शाळेआधी घर आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचे घोषणापत्र प्रसिद्ध केले. आईवडील हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आहेत, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. शाळा त्यांना मदत करते, त्यांची जागा घेत नाही. अनुवादाच्या ग्रंथात (६:६-७) देवाची वचने मुलांना घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना शिकवावीत अशी आज्ञा आहे. फी भरली म्हणजे आपली जबाबदारी संपली असे नव्हे. सिस्टरांनी शाळेत शिकवलेली प्रार्थना घरात टीव्हीच्या आवाजात बुडाली, तर दोष कोणाचा?

तिसरे, वाट पाहणे हीसुद्धा सेवाच आहे. पट कमी झाला, वर्ग रिकामे दिसले की आपण निराश होतो. मार्गरेटबाईंकडे तर एकही विद्यार्थी नव्हता. तरीही त्या हात बांधून बसल्या नाहीत.

लहान मुलांना येशूजवळ आणणाऱ्यांना शिष्यांनी दटावले, तेव्हा येशूला राग आला (मार्क १०:१३-१६). आपल्या मोठेपणाच्या हव्यासाने आपणही मुलांची वाट अडवत नाही ना?

कुटुंबात चर्चेसाठी :
१. मुलासाठी शाळा निवडताना आपण श्रद्धेचा विचार कितपत करतो?
२. आपल्या घरी संध्याकाळची प्रार्थना मुलांसह होते का?
३. आपल्या भागातील छोट्या शाळेला वेळ, श्रम किंवा पैसा यांपैकी आपण काय देऊ शकतो?

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू मुलांना जवळ घेतलेस. आमच्या घरांना आणि लहानमोठ्या शाळांना तुझ्या प्रेमाची पाठशाळा बनव. आमेन.