दुसऱ्यांदा पाटी

माजिवड्याच्या नाक्यावर परप्रांतातून आलेली पुष्कळ माणसे भेटतात. एखादा तमिळ गडी बसची पाटी दाखवून विचारतो, "ये क्या लिखा है?" त्याला अडाणी समजू नका, बरे का. आपल्या गावी तो पेपर वाचतो. इथे अक्षरे निराळी, म्हणून अडला.

धर्मानंद कोसंबी या मोठ्या विद्वानाचीही एकदा अशीच गत झाली होती.

धर्मानंदांचा जन्म १८७६ साली गोव्यातल्या सांकवाळ गावी झाला. घरची माडांची बाग होती. तिची देखरेख ते करीत. शाळा थोडीच झाली, पण वाचनाचा नाद दांडगा. 'बालबोध' नावाच्या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचे लहानसे चरित्र वाचले. मनाने घेतले, की याचा उपदेश मुळापासून शिकायचा. १८९९ साली बायको आणि लहान मुलगी मागे ठेवून ते घराबाहेर पडले. त्यांचे कौतुक करताना त्या माउलीने मागे काय सोसले असेल, तेही विसरू नये, असे मला वाटते.

काशीला अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. पण बुद्धाचा उपदेश पाली भाषेत. ती शिकायला ते १९०२ साली सिंहलद्वीपाला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेले. वय पंचविशीचे. कोलंबो शहरात विद्योदय नावाची भिक्षूंची मोठी पाठशाळा होती. तिचे मुख्य सुमंगल महास्थविर, पंच्याहत्तरीचे वृद्ध. त्यांच्यापाशी धर्मानंद श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षू झाले.

कोलंबो गोव्याच्या माणसाला ओळखीचे वाटावे असेच. समुद्र तसाच, माड तसेच, पाऊस तसाच, भात आणि खोबरेही तेच. पण कोणी तोंड उघडले की मुलूख परका! बोली सिंहली. पाट्यांवरची अक्षरे जिलबीसारखी गोल गोल. पूर्वी तिकडे ताडाच्या पानावर लोखंडी टोकाने कोरून लिहीत. सरळ रेघ ओढली तर पान चिरते, म्हणून अक्षरे वाटोळी झाली, असे जाणकार सांगतात.

भिक्षूंची रीतही निराळी. दुपारी बारानंतर जेवण नाही. रात्री पाणी पिऊन निजायचे. त्यातून तिथले अन्न धर्मानंदांना मानवले नाही. परदेशी शिकणाऱ्याची पहिली अडचण पोटाची असते, पुस्तकाची नंतर.

आता पुस्तकाचे पाहा. पाली भाषेला स्वतःची अशी लिपी नाही. सिंहलात ती सिंहली अक्षरांत लिहितात, ब्रह्मदेशात बर्मी अक्षरांत. म्हणजे काशीला संस्कृत शिकलेल्या माणसाला पुन्हा क, ख गिरवणे आले! तुम्ही रात्रीच्या वर्गात गिरवता तसेच.

पण एक सोय होती. सिंहली अक्षरांचे रूप वेगळे असले तरी त्यांची रांग आपलीच. क, ख, ग, घ याच क्रमाने ती येतात. काना, मात्रा, वेलांटीचीही तशीच सोय आहे. बोलीतही ओळखीचे शब्द सापडतात. सिंहलीत कानाला 'कन' म्हणतात, दाताला 'दत', गावाला 'गम' आणि पुस्तकाला 'पोत'. आपली पोथी आठवली ना? मात्र फसगतही होते. 'हत' म्हणजे हात नव्हे, सात! हाताला ते 'अत' म्हणतात. पाण्याला म्हणतात 'वतुर'. तिथे अंदाज चालत नाही, विचारावेच लागते.

पुढे धर्मानंद ब्रह्मदेशात गेले. तिथे बर्मी अक्षरे. १९१० साली ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. तिथे इंग्रजी. काम होते 'विसुद्धिमग्ग' या मोठ्या पाली ग्रंथाचे. हाच ग्रंथ त्यांनी पुढे देवनागरीत तयार केला. मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने तो १९४० साली छापला. देवनागरी म्हणजे तुम्ही हा धडा वाचता आहात ती लिपी. १९४७ साली सेवाग्रामला धर्मानंद वारले.

पुढे काही पाली शब्द दिले आहेत. ते मोठ्याने वाचा. प्रत्येकाशेजारी आपला मराठी शब्द लिहा. जोडाक्षरांना घाबरू नका. पहिला मी सांगतो : हत्थ म्हणजे हात.

कण्ण, दन्त, सत्त, अट्ठ, कम्म, अज्ज.