शौर्यपदकाचा भत्ता: राजापूरच्या कुटुंबांनी काय मागावे, कशाला पैसे देऊ नयेत

परमवीर चक्राच्या आजवरच्या 21 मानकऱ्यांपैकी 14 जणांना ते मरणोत्तर मिळाले. कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे हयातीत हा मान मिळालेल्या मोजक्यांपैकी एक. एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग त्यांनी गोळीबारात काढले. बाकी बहुतेक घरांत भत्त्यासाठी धावपळ करावी लागते ती पत्नीला किंवा आईवडिलांना, म्हणून हा मजकूर त्यांच्यासाठी.

1 ऑगस्ट 2017 पासून केंद्राचा मासिक भत्ता असा: परमवीर चक्र 20,000 रुपये, अशोक चक्र 12,000, महावीर चक्र 10,000, कीर्ती चक्र 9,000, वीर चक्र 7,000, शौर्य चक्र 6,000 आणि शौर्यासाठीचे सेना पदक 2,000. मानकऱ्यानंतर तो पत्नीला तहहयात मिळतो. तिने पुनर्विवाह केला तर तो दिराशीच हवा, ही अट 2017 मध्येच काढली गेली. तरीही गावात अजून कोणी तसे सांगत असेल तर ऐकू नका. मानकरी अविवाहित असेल तर हक्क आईवडिलांचा.

परमवीर, महावीर आणि वीर चक्राच्या मानकऱ्याचे निवृत्तिवेतन आणि त्यांच्या पश्चात मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन प्राप्तिकरातून मुक्त आहे. रेल्वेचा मोफत पासही मिळतो, तो जरूर मागा. राज्य शासनाची एकरकमी मदत वेगळी. तिचे आकडे शासन निर्णयानुसार बदलतात, त्यामुळे ताजा निर्णयच बघावा. ग्रामपंचायत हद्दीत माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टी माफीचा निर्णय 2020 मध्ये झाला, त्यासाठी पदकाची अट नाही.

आता खर्च. यातल्या कुठल्याही हक्कासाठी दलाल लागत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय रत्नागिरीत आहे, राजापूरहून साधारण 65 किलोमीटर. एसटीचे भाडे आणि झेरॉक्स, एवढाच खरा खर्च. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, तेव्हा पाचशेचा स्टँपपेपर घ्यायला लावला तर नकार द्या.

खरी अडचण नावाची असते. सैन्याच्या नोंदीत बाईंचे माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बँकेत तिसरेच. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावात, बॉम्बे सॅपर्सचे खडकीत. तिथे पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या वैयक्तिक बदलांची नोंद करणाऱ्या सैन्याच्या आदेशात, लग्नाची नोंद नसेल तर भत्ता अडकतो. ही दुरुस्ती जवान हयात आणि नोकरीत असतानाच करून घ्यावी. निवृत्तीनंतर पीपीओवर (निवृत्तिवेतन मंजुरीच्या आदेशावर) पत्नीचे नाव तपासावे.

अर्जासोबत राजपत्राची प्रत, पीपीओ, विवाहाचा पुरावा आणि बँक पासबुक जोडा. अस्सल पदक कोणाच्याही हाती देऊ नका. कुठल्याही अर्जाला ते लागत नाही.