वनस्पतींचा पाण्याचा जमाखर्च

पालघर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी 2000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आणि तरीही चैत्र-वैशाखात जव्हार-मोखाड्याच्या कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते, ही गोष्ट आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. पावसाचे चार महिने सरले की पुढील आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. मनुष्य हंडा घेऊन दूरच्या विहिरीपर्यंत जाऊ शकतो; झाडास आपली जागा सोडता येत नाही. मग माळावरचा पळस आणि खाडीतला तिवर हे आठ महिने कसे काढतात, याचा थोडा विचार आपण करू.

प्रथम झाडाची अडचण नीट समजून घेतली पाहिजे. मुळांनी शोषलेल्या पाण्याच्या 100 भागांपैकी सुमारे 97 भाग वाफ होऊन उडून जातात. ही उधळपट्टी वाटेल, परंतु तिला कारण आहे. पानांच्या त्वचेवर, बहुधा खालच्या बाजूस, अतिसूक्ष्म रंध्रे असतात. त्यांतून हवेतील कार्बन डायऑक्साइड आत येतो, व त्यापासून सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने झाड आपले अन्न तयार करिते. पण हवेसाठी दार उघडले की आतील ओलावा बाहेर पडतो. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळविताना पाण्याचे शेकडो रेणू खर्ची पडतात! दार लावून घ्यावे तर पाणी वाचते, पण चूल थंड पडते. मुळांभोवतीची माती वाळू लागली म्हणजे झाडात ॲब्सिसिक आम्ल नावाचे द्रव्य वाढते आणि रंध्रे मिटू लागतात. अर्थात झाड तहान टाळण्यासाठी भूक पत्करते. ही भूक किती दिवस व कशी सोसावयाची, याची रीत मात्र प्रत्येक जातीची निराळी.

मनोरपलीकडील जंगलांतला साग सरळ दुकानच बंद करितो. हिवाळा संपता संपता तो पाने गाळतो. पान नाही, तेव्हा खर्चही नाही. पळस, पांगारा व सावर हीही पाने टाकतात, पण त्यांचे आश्चर्य असे की त्याच निष्पर्ण फांद्यांवर भर कोरड्या दिवसांत फुले येतात. हे पाणी आले कोठून? पानांचा खर्च थांबल्यावर मुळे जे थोडेबहुत पाणी ओढतात ते खोडात साठत जाते, आणि सावरीचे मऊ, हलके लाकूड तर पाणी साठविण्यास फारच सोयीचे. त्या शिलकीवर झाड फुलते. हे न जाणता कित्येक जण मार्च महिन्यात अंगणातील पांगारा वाळला असे समजून त्यास कुऱ्हाड लावतात. पालकांस आमची विनंती आहे की, तोडण्यापूर्वी कोवळ्या फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. खाली हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे, व मृगापर्यंत थांबावे.

केळवे व चिंचणीच्या किनाऱ्यावरील सुरूने दुसराच मार्ग काढला आहे. ज्यांस आपण त्याची पाने म्हणतो त्या वस्तुतः बारीक हिरव्या डहाळ्या होत. खरी पाने डहाळीच्या प्रत्येक पेऱ्यापाशी इवल्या खवल्यांच्या रूपाने उरली आहेत, आणि रंध्रे डहाळीवरील खोबणींत दडलेली असल्यामुळे समुद्राचा वारा त्यांस थेट लागत नाही.

सर्वांत चतुर युक्ती कुंपणावरच्या निवडुंगाची व परसातल्या पानफुटीची. ही झाडे दिवसा दारे मिटून घेतात व रात्रीच्या गारव्यात उघडतात. रात्री सूर्यप्रकाश नसतो. म्हणून आत आलेला कार्बन डायऑक्साइड ती आम्लाच्या रूपाने साठवून ठेवितात आणि दिवसा, दारे बंद असतानाच, त्याचे अन्न करितात. याचा एक माग आपल्याच देशात लागला होता. मोरेव्हियन मिशनरी म्हणून हिंदुस्थानात आलेले व पुढे कंपनी सरकारच्या चाकरीत वनस्पतींचा अभ्यास करणारे बेंजामिन हाइने यांनी पानफुटीची पाने चाखून पाहिली, तो ती सकाळी आंबट, दुपारी बेचव व संध्याकाळी किंचित कडवट लागली. 1815 साली हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. त्याचा पूर्ण उलगडा होण्यास पुढे शतकाहून अधिक काळ लागला. विद्यार्थ्यांनी चाखण्याच्या फंदात पडू नये, कारण या पानांत विषारी द्रव्येही असतात. सकाळी व संध्याकाळी पान चुरडून त्याचा रस निळ्या लिटमस कागदावर लावावा, आणि सकाळचा रस किती अधिक तांबडेपणा आणितो ते पाहावे. या काटकसरीची किंमत इतकीच की अशी झाडे बहुधा सावकाश वाढतात.

तिवराची गोष्ट उलटी आहे. तारापूरच्या खाडीत त्याच्या पायाशी पाणी असते, पण ते खारे. मिठाच्या ओढीविरुद्ध पाणी शोषणे हे कोरड्या मातीतून शोषण्याइतकेच कष्टाचे असते. तिवराची मुळे बरेचसे मीठ बाहेरच अडवितात. जे आत येते ते पानांवाटे टाकले जाते. उन्हात त्या पानांवर मिठाचे कण दिसतात.

आता भाताकडे वळू, कारण आपल्या घरांचे पोट त्यावर आहे. भाताची मुळे उथळ. त्यास पाने गाळता येत नाहीत आणि पाणीही साठविता येत नाही. फुलोऱ्याच्या सुमारास आठ-दहा दिवस ओढ बसली तर परागकण वांझ होतात व लोंबी पोचट राहते. भातापाशी एकच उपाय आहे, तो म्हणजे दुष्काळ येण्यापूर्वी पिकून मोकळे होणे. आणि तो भातापेक्षा आमच्या शेतकऱ्यांनीच अधिक ओळखला आहे. उंचवट्याच्या, लवकर वाळणाऱ्या जमिनीत हळवे भात, जे साडेतीन महिन्यांच्या आत-बाहेर तयार होते. मधल्या जमिनीत निमगरवे. आणि ओल धरून ठेवणाऱ्या खोलगट खाचरांत पाच महिने घेणारे गरवे. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत भात नाहीच. तेथे नागली व वरई, ज्यांस थोडक्या उघड्या रंध्रांतूनही पुरेसा कार्बन डायऑक्साइड मिळविता येतो. गरव्याचे उत्पन्न अधिक म्हणून कोणी ते उंचवट्यावर लावले, तर त्याचे सारे वर्ष हस्ताच्या पावसावर टांगलेले राहते. हस्त कोरडा गेला तर त्या शेतातून पेंढा तेवढा घरी येतो.