बालवयातील स्थूलता : शाळेची चौकट आणि कुटुंबाचे प्रबोधन

बालपोषणाचा प्रश्न म्हणजे अपुऱ्या अन्नाचा प्रश्न, असे समीकरण आपल्या देशात दीर्घकाळ रूढ होते. ते आजही खोटे ठरलेले नाही. मात्र ते अपुरे पडू लागले आहे. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वर्षे वयाची सुमारे २३ टक्के मुले कृश, तर ४ टक्के मुले अतिवजनाची आढळली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक अभ्यासानुसार भारतातील ५ ते १९ वयोगटातील स्थूल मुलांची संख्या १९९० मध्ये सुमारे ४ लाख होती. २०२२ मध्ये ती सुमारे १ कोटी २५ लाखांवर पोहोचली.

या दुहेरी आव्हानाचा विचार करण्यासाठी वाराणसीचे उदाहरण उद्बोधक आहे. शालेय मध्यान्ह भोजनासाठी सुमारे १ लाख विद्यार्थ्यांचे अन्न शिजविण्याची क्षमता असलेल्या स्वयंपाकगृहाचे उद्घाटन ७ जुलै २०२२ रोजी या शहरात झाले. प्राथमिक वर्गातील मुलाला दररोज ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, हा या भोजनामागील निकष आहे. दुसरीकडे, याच शहरात सकाळची कचोरी-जिलेबी, थंडीतील मलइयो, सायंकाळची चाट आणि कुल्हडमधील लस्सी ही खाद्यपरंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पूर्वी या खाण्याच्या जोडीला घाटांच्या पायऱ्या, पोहणे आणि आखाड्यातील मेहनत होती. आज तळलेल्या व गोड पदार्थांत पाकीटबंद खाऊची व शीतपेयांची भर पडली; मुलांच्या दिनक्रमातून मात्र चालणे व खेळणे कमी झाले. दोष परंपरेचा नाही. बिघडलेल्या समतोलाचा आहे.

‘गुटगुटीत’ म्हणजे निरोगी?

प्रतिबंधातील पहिला अडथळा घरातच असतो. उत्तर भारतात ‘खाते-पीते घर का’ आणि महाराष्ट्रात ‘खात्यापित्या घरचे’ हे शब्द मुलाच्या अंगलटीकडे पाहून कौतुकानेच उच्चारले जातात. ज्या पिढीने टंचाई पाहिली, तिला भरलेले अंग हे सुरक्षिततेचे चिन्ह वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बालपणीची स्थूलता मोठेपणी आपोआप ओसरेल, हा भरवसा धोक्याचा ठरतो. अशी अनेक मुले प्रौढपणीही स्थूल राहतात आणि त्यांच्यात मधुमेह, उच्च रक्तदाब व यकृतात मेद साठण्याचा धोका वाढतो. उपर्युक्त राष्ट्रीय सर्वेक्षणात शाळकरी व किशोरवयीन मुलांपैकी सुमारे १० टक्के मुले मधुमेहाच्या पूर्वावस्थेत आढळली होती.

नजरेचा अंदाज फसवा असल्याने मोजमाप आवश्यक ठरते. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता शरीरभार निर्देशांक मिळतो. मुलांच्या बाबतीत हा अंक वय व लिंगानुसार तयार केलेल्या वाढीच्या तक्त्यावर ताडून पाहावा लागतो. प्रौढांचे निकष त्यांना लागू पडत नाहीत. समजा, दहा वर्षांच्या मुलाची उंची १४० सेंटीमीटर व वजन ४५ किलोग्रॅम आहे. त्याचा निर्देशांक सुमारे २३ येतो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार तो स्थूल ठरतो. हेच वजन कायम राहून दोन वर्षांत उंची १५० सेंटीमीटर झाली, तर निर्देशांक २० वर येतो. म्हणजेच वाढत्या वयातील अनेक मुलांना उपाशी ठेवून वजन उतरविण्याची गरज नसते. वाढीला अन्न द्यावे आणि अतिरिक्त मेदाची भर थांबवावी, एवढे पुरते. अर्थात, हा निर्णय बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावा.

नियमांची मर्यादा

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनी मेद, मीठ किंवा साखर अधिक असलेल्या पदार्थांच्या विक्रीस शाळेच्या आवारात आणि प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या परिसरात मनाई केली आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्येच शालेय उपाहारगृहांतून असे पदार्थ हद्दपार करण्याचा आदेश काढला होता. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये संलग्न शाळांना ‘साखर फलक’ लावण्याची सूचना केली. मंडळाच्या परिपत्रकानुसार ४ ते १० वर्षांच्या मुलांच्या दैनंदिन उष्मांकांपैकी १३ टक्के वाटा साखरेचा असतो. शिफारस मात्र ५ टक्क्यांची आहे.

तथापि, दुकानांनी गजबजलेल्या काशीच्या अरुंद गल्ल्यांत ५० मीटरची रेषा आखणे सोपे नाही. आणि ती आखली तरी घरून येणारा डबा तिच्या कक्षेत येत नाही. आणखी एक उणीव लक्षात घ्यावी लागेल. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील तपासणी पथके अंगणवाड्यांत आणि शासकीय व अनुदानित शाळांत जातात. शहरी सुस्थित कुटुंबांत, जेथे स्थूलतेचे प्रमाण अधिक आढळते, तेथील बरीच मुले खासगी शाळांत शिकतात. त्या शाळांनी वर्षातून दोनदा उंची-वजनाची नोंद स्वतःहून ठेवणे अगत्याचे आहे.

प्रबोधन कोणाचे आणि कसे?

नोंद पालकांपर्यंत बंद पाकिटातून पोहोचावी. वर्गात मोठ्याने वाचली जाऊ नये. चेष्टेमुळे मूल मैदानापासून दूर जाते आणि चोरून खाऊ लागते. पालकसभेस केवळ आईला बोलावणेही पुरेसे नाही. बाजारहाट करणारे वडील, लाडाने मिठाई देणारे आजोबा आणि स्वयंपाकाचा कौल देणारी आजी यांचाही त्यात सहभाग हवा.

बदल एकट्या मुलासाठी नव्हे, तर संपूर्ण घरासाठी असावा. वाराणसीचे लोकसभेत प्रतिनिधित्व करणारे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी फेब्रुवारी २०२५ च्या ‘मन की बात’मध्ये खाद्यतेलाचा वापर १० टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. महिन्याला ४ लिटर तेल आणणाऱ्या घराने ४०० मिलिलीटर कमी आणले, तरी हे उद्दिष्ट साध्य होते. कचोरी-जिलेबी रोजच्या न्याहारीतून रविवारी न्यावी. इतर दिवशी चुडा-मटर, सत्तू, भाजलेले चणे, पेरू असे त्याच मातीतील पदार्थ डब्यात द्यावेत. तहानेला पाणीच द्यावे. जेवताना पडदा बंद असावा, झोप पुरेशी व्हावी.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटांचा मध्यम ते जोमदार व्यायाम सुचविला आहे. वाराणसीत सिगरा येथील क्रीडासंकुलाचा पुनर्विकास झाला असला, तरी प्रत्येक मूल रोज तेथे पोहोचू शकणार नाही. शाळेचे पटांगण सायंकाळी खुले राहणे आणि खेळाचा तास गणिताच्या जादा तासाला न दिला जाणे, हे अधिक निर्णायक ठरेल.

शाळा मोजू शकते, सांगू शकते, आपल्या दारापर्यंतचा बाजार आवरू शकते. ताटात काय पडावे, हे मात्र घरच ठरविते. म्हणून कृश मुलाला पुरेसे व स्थूल मुलाला योग्य अन्न मिळावे, यासाठी शाळा आणि कुटुंब यांनी एकाच वहीत नोंद ठेवणे, ही प्रतिबंधाची खरी सुरुवात होय.