जुन्या मित्राला कोल्हापूर दाखवताना



बऱ्याच वर्षांनी येणारा जुना मित्र मुळात यजमानाच्या ओढीने आलेला असतो; गावाची ओढ त्यामागून येते. त्यामुळे त्याला फिरवण्याचा बेत आखताना दोन गोष्टी पाहाव्यात: त्या जागेची खरी वेळ कोणती आणि तिथे निवांत बोलता येईल का. कोल्हापुरात पहिली गोष्ट फार महत्त्वाची, कारण इथे अवेळी गेलेल्याला पुष्कळदा नुसत्या भिंती दिसतात.

सकाळ तालमीची. गंगावेश किंवा मोतीबाग तालमीत मल्ल आखाड्यात उतरण्याआधी फावड्याने माती उकरून भुसभुशीत करतात. त्या तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मुरलेले असते आणि तिचा वास दारातच येतो. पाहुण्याने चपला बाहेर काढाव्यात, वस्तादांना विचारून आत जावे आणि मोबाइल खिशात ठेवावा. इथून खासबाग कुस्ती मैदानात गेले की कोल्हापूरचे राजे शाहू महाराज यांनी कुस्तीला काय दिले ते समजते. १९१२ साली उभे राहिलेले हे मैदान मध्ये आखाडा आणि सभोवती चढत गेलेली बैठक अशा रचनेचे आहे. शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्यालाही चितपट कुस्ती स्पष्ट दिसावी, हा त्यामागचा हिशेब. शेजारचे १९१५ चे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी आगीत सापडले. तेही पाहुण्याला जरूर सांगावे. जिव्हाळ्याच्या माणसाला गावाचे वैभव दाखवायचे तसे गावाचे दुःखही सांगायचे असते.

अंबाबाईच्या देवळात दर्शन शक्यतो सुटीचा दिवस टाळून घ्यावे. मित्राला तारीख निवडता येत असेल तर ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी किंवा ९ ते ११ नोव्हेंबर सुचवावी. देऊळ पश्चिमाभिमुख असल्याने या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर आणि मग क्रमाने वर चढत मुखापर्यंत. ढग किंवा धुरकट हवा आड आली तर किरणोत्सव हुकतो, एवढी कल्पना आधीच द्यावी.

देवळापासून चप्पल लाइन जवळ आहे. पारंपरिक कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात आणि शिलाई खिळ्यांऐवजी चामड्याच्याच वादीने होते. ही शिलाई ओळखण्यासाठी चप्पल उलटी करून तळ पाहायला मित्राला शिकवावे. या चपलेला २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून आहे, हे ठाऊक असलेला यजमान दुकानात उगाच गावाची फुशारकी मारत नाही. कारागिराच्या मजुरीवर घासाघीस करू नये.

दसरा चौकात थोडे थांबावेच. १९०१ पासून शाहू महाराजांनी निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली. त्यांतले मुस्लिम बोर्डिंग याच चौकात आहे. खेड्यापाड्यातल्या पोरांची शिक्षणाची सोय या गावाने एवढ्या आधी केली, ही राजवाड्यापेक्षा मोठी गोष्ट आहे. मित्र वसतिगृहात बरोबर राहिलेला असेल तर गप्पांना इथे आपोआप तोंड फुटते.

जेवण घरी असावे. तांबडा-पांढरा रस्सा हॉटेलात चांगला मिळतो, पण तिथे रांगेतल्या लोकांच्या नजरेखाली ताट उरकावे लागते.

संध्याकाळी गंगावेशच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून फेसाळ दूध पेल्यात देतात. सवय नसलेल्या पोटाला कच्चे दूध बाधू शकते, म्हणून आग्रह करू नये. तिथून पंचगंगेचा घाट जवळ. राजाराम बंधाऱ्यावर नदीची धोका पातळी ४३ फूट धरतात. २०१९ च्या महापुरात पाणी तिच्या कितीतरी वर गेले होते. पावसाळ्यात घाटावरची लहान देवळे पाण्यात बुडतात, हे सांगितल्यावर मित्र त्या पायऱ्यांकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

शेवटचे दोन तास रंकाळा तलावासाठी मोकळे ठेवावेत. काठावर बसावे, समोर संध्यामठ आणि पलीकडे शालिनी पॅलेस असू द्यावा, आणि माहिती सांगणे थांबवावे. ख्यालीखुशाली, नोकरी, आईवडिलांची तब्येत, तुटलेली नाती, सगळे इथे निघते.

पन्हाळा किल्ला आणि जोतिबाचे देऊळ त्याच दिवसात कोंबू नयेत. मित्राचा मुक्काम वाढला तर दुसऱ्या दिवशी पन्हाळ्याला सकाळीच निघून तीन दरवाजा आणि अंबरखाना पाहावा आणि उतरताना जोतिबा करावा. पावसाळा असेल तर धुक्यात गाडी सावकाश चालवावी.