टचस्क्रीन कशाने पुसावी?

प्रश्न : नवी गाडी घेतली आहे. वाळूजला रोज ये-जा असते, आत धुळीचा थर बसतो. काच पुसायचा स्प्रे डॅशबोर्ड आणि टचस्क्रीनलाही चालेल का?
– एक वाचक, गारखेडा, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : स्क्रीनवर अजिबात नको. अशा बऱ्याच स्प्रेंमध्ये अमोनिया असतो. स्क्रीनवरचा चकाकी रोखणारा पातळ थर त्याने खराब होतो आणि तो परत चढवता येत नाही. स्क्रीन बंद करून किंचित ओलसर मायक्रोफायबर कापडाने हलक्या हाताने पुसा. फवारा मारायचाच तर कापडावर.

डॅशबोर्डची धूळ आधी मऊ ब्रशने काढा. कोरड्या फडक्याने रगडलीत तर तीच धूळ चरे पाडते. मग तांब्याभर पाण्यात सौम्य शाम्पूचे दोन-चार थेंब पुरतात. बोअरचे पाणी टाळा, त्यातल्या क्षारांचे पांढरे डाग काळ्या प्लास्टिकवर उठून दिसतात. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर उत्तम. फिनेल, थिनर, ब्लीच गाडीत नकोच. ब्लीचने सीटबेल्टचा पट्टा कमकुवत होतो.

चमक आणणाऱ्या सिलिकॉन पॉलिशबद्दल मात्र कळकळीने सांगतो. स्टिअरिंगला किंवा पेडलला ते लागले तर ऐन वेळी हात-पाय सटकतो, जिवावर बेतते. डॅशबोर्डवर लावले तर भर उन्हात त्याची तिरीप समोरच्या काचेवर उमटते आणि रस्ता नीट दिसत नाही. मॅट फिनिशचेच घ्या.

आणि स्प्रेचा डबा गाडीत ठेवू नका. 50 अंशांपुढे नेऊ नये, असे त्यावर छापलेले असते; आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभी गाडी ती मर्यादा सहज ओलांडते.